नाशिक–त्र्यंबक–भंडारदरा–घाटघर : पावसाळी फेरी आणि गाडीवरचं जादा वायरिंग

भंडारदऱ्याचा रस्ता नाशिककराला वेगळा सांगायला नको. घोटीमार्गे शेंडी, म्हणजे भंडारदरा धरणाजवळचं गाव, सत्तर किलोमीटरच्या आसपास; सकाळी निघालेला माणूस रात्री जेवायला घरी. तरी हा वृत्तांत सविस्तर लिहितोय, कारण हल्ली या रस्त्यावरच्या गाड्यांना हँडलवर मोबाइलचा चार्जर आणि क्रॅश गार्डवर फॉग लॅम्प सर्रास दिसतात. ते नीट जोडलेत की नाही, हे शहरात कळत नाही. कळतं ते पावसात, धुक्यात, मोबाइलला रेंज नसलेल्या जागी.

आम्ही दोघं होतो. माझी ३५० सीसीची गाडी, तिच्यावर १८ वॅटचा यूएसबी चार्जर आणि २०-२० वॅटचे दोन पिवळे फॉग लॅम्प. मामेभावाची फ्युएल इंजेक्शनची १२५, तिच्यावर फक्त चार्जर, एका दुकानात उभ्या उभ्या बसवून घेतलेला.

निघण्याआधीचा भाग मोठा आहे, पण तोच महत्त्वाचा. आधी विजेचा हिशोब करा. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट असतात, म्हणजे ४० वॅटच्या दिव्यांना ३ अँपिअर लागले. चार्जर स्वतः तापतो, त्यात थोडी वीज जाते. त्यामुळे १८ वॅटचा चार्जर दीड-पावणेदोन अँपिअर ओढतो. एकूण पाचच्या आत. आकडा छोटा वाटतो, पण गाडीची कॉइल जेवढी वीज बनवते त्यातून आधी हेडलाइट, इग्निशन, फ्युएल पंप आणि ब्रेक लाइट यांचं भागायचं असतं. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट बंद करायची सोयच नाही. हॅलोजन असेल तर ३५ किंवा ५५ वॅट तिथेच गेले. उरेल ते आपलं.

किती उरतं ते मल्टिमीटर सांगतो. गाडी चालू करा, सगळे दिवे लावा, चार्जरला फोन लावा, ब्रेक दाबून धरा आणि बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा. थोडा रेस दिल्यावर काटा १३.५ च्या वर राहिला तर निर्धास्त जा. नुसत्या आयडलिंगला तो १२.८ च्या खाली येत असेल तर बॅटरी भरत नाहीये, रिकामी होतेय. मग गाडी उभी असताना फॉग लॅम्प बंद ठेवायची सवय लावून घ्या. माझी गाडी आयडलिंगला जेमतेम तेरा दाखवते, म्हणून हँड ग्रिप तापवणारा हीटर घ्यायचा विचार मी सोडून दिला.

चार्जर थेट बॅटरीला जोडणारे बरेच आहेत. त्यात दोन वायरींत काम होतं खरं, पण व्होल्टेजचा आकडा दाखवणारा चार्जर फोन लावलेला नसतानाही वीस मिलीअँपिअर सहज खातो. दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास. ८ अँपिअर-तासांची (एएच) बॅटरी आठ-नऊ दिवसांत अर्ध्यावर येते. लग्नाला गावी जाऊन आलात की गाडीला धक्का मारायची वेळ.

म्हणून रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. चार पिनांचा साधा रिले कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. ३० नंबरच्या पिनेला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून फ्यूजमार्गे आलेली वायर, ८७ वरून अ‍ॅक्सेसरीजकडे जाणारी, ८५ अर्थला (म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला), आणि ८६ ला चावी लावल्यावरच करंट येतो अशी वायर. ही शेवटची वायर मागच्या ब्रेकच्या स्विचपाशी सापडते: स्विचकडे येणाऱ्या बाजूला चावी चालू असताना करंट असतो, बंद केल्यावर नसतो. वायरचे रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे रंगावर भरवसा ठेवू नका, टेस्ट लॅम्प (करंट असला की पेटणारा छोटा दिवा) लावून खात्री करा. रिलेची कॉइल पाव अँपिअरसुद्धा घेत नाही, त्यामुळे गाडीच्या मूळ वायरिंगवर भार पडत नाही. दिव्यांचा करंट बॅटरीवरून स्वतंत्र येतो. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कंप्युटर), सेन्सर आणि फ्युएल पंपाच्या वायरींना मात्र हात लावू नका.

फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, वीतभर अंतराच्या आत. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो लांब दिव्यापाशी लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडीच राहिली. मी मुख्य वायरवर १० अँपिअरचा लाल, दिव्यांवर ५ चा फिकट तपकिरी आणि चार्जरवर ३ चा जांभळा फ्यूज लावलाय. दिव्यांना १ स्क्वेअर एमएमची वायर, चार्जरला पाऊण. अर्थची वायर फ्रेमच्या रंगावर किंवा हँडलला कसू नका. हँडलचा अर्थ स्टेअरिंगच्या बेअरिंगमधून जातो, तो धड लागत नाही. सरळ बॅटरीच्या निगेटिव्हवर आणा. काम करताना निगेटिव्ह आधी सोडायचा आणि शेवटी लावायचा. पॉझिटिव्ह सोडताना पाना फ्रेमला टेकला तरी मग ठिणगी पडत नाही.

जॉइंटबद्दल माझं मत ठाम आहे. मूळ वायरवर दाबून बसवायचे ते प्लॅस्टिकचे क्लिप कनेक्टर पावसात फिरणाऱ्या गाडीवर नकोत. त्यांचं पातं वायरच्या तारा कापतं, भेगेतून पाणी शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. थिंबल (वायरच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) चांगल्या पकडीने दाबायची, वर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवायची. नुसता सोल्डर केलेला जॉइंट बाकावर छान दिसतो, पण सोल्डर संपतो तिथे वायर कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

आता रस्ता. सकाळी लवकर त्र्यंबक रोड धरला. अंजनेरीपर्यंत रिमझिम, त्र्यंबकच्या पुढे घोटीकडे वळल्यावर पहिन्याच्या परिसरात मुसळधार. शनिवार-रविवारी इथे धबधब्यांवर इतकी गर्दी होते की दोन किलोमीटरला तासही लागतो, त्यामुळे जमलं तर मधल्या वारी जा किंवा आठच्या आत पहिने ओलांडा. याच टप्प्यात फोनने चार्जिंग पोर्टमध्ये ओल असल्याचा इशारा देऊन चार्ज घेणं बंद केलं. हे होणारच. पावसात फोन हँडलवर चार्जिंगला लावायचाच नाही. टँक बॅगमध्ये पॉवर बँक चार्जरला लावून ठेवायची आणि थांबल्यावर कोरड्या फोनला त्यातून चार्ज द्यायचा. आणखी एक: ॲपलने २०२१ मध्ये सांगितलंय की मोटरसायकलच्या जोरदार थरथरीने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो. सिंगल सिलिंडर गाडीवर फोन लावायचा असेल तर रबरी डॅम्परवाला माउंटच घ्या.

घोटीत पेट्रोलची टाकी पूर्ण भरून घ्या, पुढे शोधत बसायला नको. बारीच्या रस्त्याला कळसूबाई, १६४६ मीटर उंचीचं राज्यातलं सर्वांत उंच शिखर, पूर्ण ढगात होतं. एका चहाच्या टपरीसमोर गाडी लावताना मामेभावाने हँडल डावीकडे पूर्ण वळवलं आणि गाडी गपकन बंद.

“दादा, काहीच नाही. हॉर्नपण वाजत नाही.”

टपरीवाल्या काकूंनी आम्हाला गाडीसकट प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली घेतलं. “आधी चहा घ्या, मग बघा काय ते,” म्हणाल्या. चहा घेता घेताच सीट काढली. टेस्ट लॅम्पची चिमटी बॅटरीच्या निगेटिव्हला लावून टोक मुख्य फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना टेकवलं. एका बाजूला दिवा लागला, दुसऱ्या बाजूला नाही. पंधराचा निळा फ्यूज उडालेला. फ्यूज बॉक्समध्ये तसाच एक जादा होता, पण तो लगेच बसवला नाही. कारण सापडायच्या आत दुसरा फ्यूज बसवला तर तोही जातो आणि मग हाती काही उरत नाही. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत टॉर्च मारली. चार्जरची वायर स्टेअरिंगच्या स्टॉपरमध्ये सापडत होती. नखाएवढ्या भागात तिचं वरचं आवरण घासून गेलेलं, आत तांबं चमकत होतं, आणि समोर फ्रेमच्या रंगावर बारीक काळा डाग. दुकानदाराने क्लिप कनेक्टर लावून इग्निशनच्या वायरमधूनच चार्जरला करंट दिला होता, वेगळा फ्यूज नाही. त्यामुळे चार्जरची वायर शॉर्ट झाली आणि गाडीचा मुख्य फ्यूज गेला. पेट्रोलचा पंपही त्याच फ्यूजवर, म्हणून इंजिनच बंद. त्या वायरवर तीन अँपिअरचा एक जांभळा फ्यूज असता तर फक्त फोन चार्ज व्हायचा थांबला असता.

चार्जरची वायर क्लिपपाशी कापली, दोन्ही टोकांना टेप मारली, क्लिपवरही टेप गुंडाळली, निळा फ्यूज बसवला. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. फ्यूज नसेल तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायचा सल्ला रस्त्यात कोणी ना कोणी देतोच. ऐकू नका. पुढच्या वेळी फ्यूजऐवजी टाकीखालची वायर जळते.

शेंडीत जेवून धरणाला वळसा घालायला निघालो. भंडारदऱ्याचं हे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. प्रवरेचं पाणी सोडलेलं असलं की रंधा धबधब्याला आधी जाऊन यावं, धबधबा तेव्हाच भरात असतो. वळशाचा रस्ता मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल असा. बराचसा भाग कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरावं लागतं. सुट्टे पैसे ठेवा, तिथे ऑनलाइन पेमेंटचा भरवसा नाही. नकाशाही घरूनच डाउनलोड करून घ्या.

उडदावण्याच्या पुढे धुकं इतकं दाट झालं की समोरची म्हैस दहा फुटांवर दिसली. इथे फॉग लॅम्पचं काम. हेडलाइटचा हाय बीम धुक्यावर आदळून डोळ्यांत परत येतो. लो बीम ठेवून खाली बसवलेले पिवळे दिवे लावले की रस्त्याची कड आणि खड्डे दिसतात. त्यासाठी दिवे क्रॅश गार्डवर, हेडलाइटच्या बरेच खाली हवेत, तोंड खाली झुकलेलं. गाडी भिंतीसमोर लावून बघा: प्रकाशाची वरची रेघ दिव्याच्या उंचीच्या खालीच राहिली पाहिजे. पांढरे, हाय बीमसारखे वर मारलेले दिवे समोरून येणाऱ्याला आंधळं करतात आणि घाटात त्याचा परिणाम काय होतो ते वेगळं सांगायला नको.

फॉग लॅम्पला हँडलवर वेगळं स्विच असलंच पाहिजे, याला आणखी एक कारण याच भागातलं आहे. मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात इथे काजवे बघायला माणसं येतात. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक; त्यावर फॉग लॅम्पचा झोत मारला की ती हाक पोहोचत नाही. त्या दिवसांत जंगलात दिवे बंद करा आणि गाडी लांब लावून चालत जा.

घाटघरच्या कोकणकड्यावर ढगांशिवाय काही दिसलं नाही, तरी दहा मिनिटं उभं राहावंसं वाटलं. इथला २५० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प मला फार आवडतो: विजेची मागणी कमी असताना खालचं पाणी पंपाने वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज बनवायची. डोंगराएवढी बॅटरीच ती. साम्रदची सांदण दरी पावसात बंद, आत पाणी भरतं; उतरायचा हट्ट करू नका. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर मात्र पावसातच बघावं, ओल्या काळ्या दगडावरचं कोरीव काम उठून दिसतं. रतनवाडी ते मुतखेल रस्ता खराब होता, पंधरा-वीसच्या वर वेग जात नाही. अशा रस्त्यावर इंजिनाचा वेग कमी आणि दिवे लावलेले, म्हणून मी व्होल्टमीटरवर नजर ठेवून होतो. सव्वातेरावर टिकून राहिला. अंधाराच्या आत शेंडी गाठली आणि घोटीहून मुंबई–आग्रा महामार्गाने परतलो. महामार्गावर फॉग लॅम्प बंद.

घरी आल्यावर गाडी धुतली की सीटखालचा रिले उघडून बघा. पिना खाली तोंड करून बसवला असेल तर पाणी साचत नाही. वायर हँडलकडून खाली उतरताना चार्जरच्या आधी एक छोटा झोल सोडा, म्हणजे थेंब तिथून गळून पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी न लावता बॅटरी मोजा: १२.६ किंवा वर असेल तर ठीक, १२.२ च्या आसपास असेल तर कुठेतरी करंट गळतोय.

मामेभावाच्या गाडीचं वायरिंग आता नव्याने केलंय, रिलेसह, वायर स्टेअरिंगच्या मूळ हार्नेसच्या (कंपनीच्या वायरींच्या जुडग्याच्या) सोबतीने नेऊन आणि हँडल दोन्ही टोकांना वळवून बघूनच टाय आवळून. त्याच्या टूल किटमध्ये आता टेस्ट लॅम्प, टेपचं एक रीळ, मीटरभर वायर, छोटी पकड आणि ३, ५, १० आणि १५ चे प्रत्येकी दोन फ्यूज झिपच्या पिशवीत असतात. तुम्ही निघाल तेव्हा आपल्या गाडीच्या फ्यूज बॉक्सचं झाकण उघडून मुख्य फ्यूज किती अँपिअरचा आहे ते बघा आणि तोच घ्या; काही गाड्यांना २० चा पिवळा लागतो.