बहिणाबाईच्या उलट्या वाटेनं

मिरजेपर्यंतचे दिवस मला वेगवेगळे आठवतच नाहीत. पाऊस, डोक्यावरनं प्लास्टिकची खोळ, पुढच्या बाईच्या टाचा, पुन्हा पाऊस. कोल्हापुरात अंबाबाईच्या पाया पडून पंढरपूरच्या वारीला निघालो, हातकणंगले झालं, जयसिंगपूर झालं, अंकलीच्या पुलावर कृष्णा लाल गढूळ होऊन चाललेली, तिथं सगळ्यांनी हात जोडले आणि मिरज आली. दोन्ही बाजूंना ऊस आणि ऊसच. बूट वाळायला वेळच मिळत नव्हता, रात्री मोजे काढले की तळपाय पांढरेफटक, सुरकुतलेले, दिवसभर धुणं धुतल्यावर बोटं होतात ना तसे.

आमची दिंडी करवीर तालुक्यातल्या एका छोट्या गावाची, शंभराच्या आतच माणसं, त्यात माझी आत्ती विसाव्या वेळेला चाललेली आणि मी पहिल्यांदा. मी देवभोळेपणानं गेले असं नाही, खरं कारण बहिणाबाई. खानदेशातल्या चौधरी नव्हेत, संत बहिणाबाई. 'संतकृपा झाली, इमारत फळा आली' आमच्या घरात रोज म्हटलं जातं, पण ते लिहिणारी बाई लहानपणी आमच्या कोल्हापुरात राहिली होती हे मला कॉलेजला गेल्यावर कळलं आणि तेव्हापासून ती माझ्या डोक्यातनं जातच नाही. जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. घरदार सुटलं आणि आईबाप, नवरा यांच्याबरोबर भिक्षा मागत, चालत चालत पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर करत ती कोल्हापूरला आली, तेव्हा ती अकराएक वर्षांची पोर. इथंच जयरामस्वामींचं कीर्तन ऐकलं, इथंच तिचं लाडकं वासरू गेलं, त्या धक्क्यात ती पडून राहिली आणि इथंच तुकोबा स्वप्नात आले. म्हणजे पंढरपूरवरनं कोल्हापूर हा प्रवास तिनं पायानं केलेला. मला तो उलटा करायचा होता. वाट तीच नाही, ती शिंगणापूरवरनं आली, पण तो मुलूख पायाखालनं जाऊ दे एवढंच.

चालताना चिडचिड फार झाली, हे लिहायलाच पाहिजे. सामानाच्या ट्रॉलीवर स्पीकर बांधलेला, पहाटे काकड्याच्या आधीच सुरू, आणि लावणारा माणूस एकच कॅसेटसारखं तेच ते लावायचा. अंघोळीच्या टँकरपाशी रोज भांडण. तोंडानं माऊली माऊली आणि कोपरानं ढोसणं. एका संध्याकाळी मी आत्तीला म्हटलं, मी उद्या एसटी पकडते. आत्ती भाकरी मोडत म्हणाली, "जा की. मी न्हाई अडवत. पर टाळ हितंच ठेवून जा, दुसऱ्या कुणाला तरी दीन." टाळ ठेवून जायचं काही मला जमलं नाही.

नागजचा घाट ओलांडला आणि पाऊस संपला. ओसरला नाही हो, संपलाच. मागं वळून बघितलं तर आपल्याकडचं आभाळ काळं, डोंगरावर थांबल्यासारखं, आणि पुढं सगळं उघडं, भणभण वारा, खुरटं गवत, बाभळी, लांबवर मेंढरं. सह्याद्रीला सगळं पाणी सांडून ढग इकडं रिकामे येतात हे शाळेत पर्जन्यछाया म्हणून पाठ केलेलं, ते पाच-सहा दिवसांत पायानं ओलांडलं. आणि टाळकरी नेमके तेव्हाच 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' म्हणायला लागले. माझं घर उसातलं आहे. २०१९ च्या पुरात आमचा आख्खा प्लॉट आडवा झालेला, तो वाकडा होऊन परत वर उठला, कांड्यांना मुळ्या फुटल्या, तोडकरी हात लावायला तयार नव्हते, पडक्या उसाला कोयता चालत नाही म्हणून. दादांनी एक कांडं दातानं सोलून मला दिलेलं, खा म्हणाले. गोड होतं. हा अभंग चोखोबांचा. चोखोबा मंगळवेढ्याचे, ते आमच्या वाटेच्या उजवीकडं राहतं. त्या कोरड्या मुलखात तेव्हा ऊस म्हणजे विहिरीवर जगवलेला एखादा तुकडा असणार, आणि तो दुसऱ्याचा असणार. बांधाच्या बाहेर उभं राहून ज्यानं वाकडा ऊस बघितला त्याला रस कळला, आणि मी त्यातच वाढले तरी मला तो अभंग नुसता उपदेशाचा वाटायचा. नागजच्या उतारावर, जिथं ऊस दिसायचा बंद झाला, तिथं तो मला पहिल्यांदा ऐकू आला.

दुपारी फोड आले. इतके दिवस भिजून मऊ झालेलं कातडं आणि खाली तापलेलं डांबर. डाव्या टाचेला एक आणि चवड्याखाली एक, रुपयाएवढे. दिंडी पुढं गेली, आत्तीला मीच म्हटलं तू हो पुढं. रस्त्याकडेला एक वस्ती होती, पत्र्याचं छप्पर, दोन शेळ्या, लिंबाचं झाड. मी झाडाखाली बूट काढून बसले आणि रडले, दुखत होतं म्हणून आणि एकटी होते म्हणून.

घरातनं एक म्हातारी आली. सत्तरीची असेल. काही विचारलं नाही, पाय मांडीवर घेतला. मी मागं ओढायला लागले, एवढी मोठी बाई माझा घाणेरडा पाय मांडीवर घेतेय म्हणून, तर म्हणाली, "वारीतला पाय हाय, दे हिकडं." मी बूट काढून टाचणीनं फोड फोडायच्या बेतात होते. "फोडू नगंस, कातडं निघंल, मग चालशील कशी?" आत जाऊन सुई आणली, चुलीतल्या निखाऱ्यावर धरली, पांढरा दोरा ओवला, खोबरेल तेलात हळद कालवून त्यातनं दोरा बुडवून काढला आणि फोडाच्या ह्या अंगानं घालून त्या अंगानं काढला. दुखलं नाही. दोरा आतच ठेवून दोन्हीकडं बोटभर टोकं सोडली. दोऱ्यावरनं पाणी हळूहळू बाहेर यायला लागलं, थेंब थेंब, मी बघतच बसले.

"मोटंगत बघ," ती म्हणाली, "नाडा आत हाय तवर पाणी येतंय."

मोट ओढायच्या जाड दोराला नाडा म्हणतात, पण ह्या अर्थानं तो शब्द मी आयुष्यात कुणाच्या बोलण्यात ऐकला नव्हता, फक्त सावता माळ्यांच्या अभंगात. 'मोट नाडा विहीर दोरी, अवघी व्यापिली पंढरी.' मी विचारलं, तर तिनं बोट केलं. लिंबाच्या पलीकडं जुनी विहीर. लंगडत गेले. बैलांची धाव अजून दिसत होती, उतरती, गवत माजलेली, थारोळ्यात माती भरलेली, आणि काठाच्या दगडावर दोर घासून घासून बोटभर खोल खोबण पडलेली. मी त्यात बोट घालून बघितलं. आत गुळगुळीत, काचेसारखी. किती वर्षं दोर गेला असेल त्या दगडावरनं, किती बैल, किती पहाटा. सावतोबांचं अरण आमच्या वाटेवर नाही, पंढरपूरच्या पलीकडं माढ्याच्या बाजूला आहे, पण मला वाटलं तो अभंग इथंच केलाय. ज्याला पाणी असं ओढून काढावं लागतं त्याला मोटेतच पंढरी दिसणार, दुसरं काय दिसणार.

म्हातारीनं तांब्याभर पाणी दिलं. आता म्हैसाळच्या योजनेनं कृष्णेचं पाणी इकडं फिरतंय म्हणे, तिच्या शेतापर्यंत अजून आलेलं नाही. ७२ च्या दुष्काळात ती नवीन लग्न होऊन आलेली, खडी फोडायला जायची. "ह्यो रस्ता," ती म्हणाली, "ह्यातली खडी माझ्या हातची हाय," आणि मी ज्या रस्त्याला सकाळपासनं शिव्या घालत होते त्याकडं बघायची मला हिंमत होईना. पैसे काढले तर तिनं हात मागं घेतला. "तितं गेल्यावर माझं एक डोकं टेक." नाव विचारलं तर सांगितलं नाही, म्हणाली इठ्ठलाला म्हाईत हाय.

जुनोनीपाशी दिंडी गाठली. तिथं कुणी स्पीकर लावला नाही. २०२२ च्या कार्तिकीला जाताना आमच्याच तालुक्यातली माणसं त्या रस्त्यावर गाडीखाली गेली. विणेकरी थांबले, सगळे थांबले, मग चालायला लागलो.

सांगोला, डाळिंबाच्या बागा, एक मुक्काम, अजून एक. रात्री झोप लागेना तेव्हा बहिणाबाईचं ते रचणं मनात चालायचं. पाया, खांब, कळस. माझा आपला अंदाज आहे, कुणी अभ्यासक मानो न मानो, पण वेरूळजवळ जन्मलेली, घर सुटलेली, गावोगाव दुसऱ्याच्या ओसरीला झोपलेली आणि मग अंबाबाईच्या देवळातल्या त्या काळ्या दगडी खांबांमधनं फिरलेली पोरगीच सगळ्या संतांचं मिळून एक घर बांधू शकते. जिच्या डोक्यावर छप्पर आहे तिला हे सुचायचं नाही. आणि कळस झाल्यावर ती म्हणते 'भजन करा सावकाश'. हा शब्द मी लहानपणापासनं घाईघाईत म्हणत आले, कारण आमच्या घरात तिथंच अभंग संपवतात आणि मग प्रसाद मिळतो.

पंढरपुरात दर्शनाची रांग कुठवर गेली होती देव जाणे. आत्तीनं रांगेकडं बघितलंसुद्धा नाही. चंद्रभागेत पाय बुडवले, गर्दीतनं ढकलत ढकलत महाद्वारापाशी आलो, नामदेव पायरीला आणि चोखोबांच्या समाधीला डोकं टेकलं. मी दोनदा टेकलं. मागनं कुणीतरी ओरडलं, चला पुढं, चला. आत्तीनं मान वर करून कळसाला हात जोडले, तिच्या डोळ्यांतनं पाणी चाललेलं, म्हणाली, "झालं गं माझं. मी आलो." कोल्हापूरची बाई ती, देवापुढंही 'आलो'च म्हणणार.

घरी येऊन आठ दिवस झाले. टाचेचं कातडं वाळून निघालं काल, दोरा त्यात तसाच होता, हळदीनं पिवळा झालेला. आत्तीला दाखवला. तिनं तो टाळाच्या दोरीला गाठ मारून बांधून ठेवलाय.