कालेय, दोन किडे आणि एक शेंडेनक्षत्र : अपडेट ३

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये फार ऐटीत लिहिलं होतं की वेल्सच्या झेंड्यावरचा लाल ड्रॅगन म्हणजे आपला कालेयच (उत्तरेच्या आकाशातला ड्रॅगनच्या आकाराचा तारकासमूह, ड्रेको) असणार, ते आता गिळावं लागतंय. पूर्ण नाही, अर्धंच.

आधी निरीक्षण. ३० एप्रिलची रात्र मुद्दाम धरली, एक तर दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी आणि दुसरं म्हणजे लुड आणि लेव्हेलिस या दोन भावांच्या वेल्श कथेत ड्रॅगनची किंकाळी दर वर्षी याच रात्री ऐकू येते, ती ऐकून माणसांच्या तोंडचा रंग उडतो, गुरं, झाडं, पाणी सगळं वांझ होतं. शेवटी लुड बेटाच्या बरोब्बर मध्यावर, म्हणजे ऑक्सफर्डला, खड्डा खणून त्यात मीडचा, म्हणजे मधाच्या दारूचा, हंडा ठेवतो, एकमेकांशी लढून दमलेले दोन ड्रॅगन त्यात पडतात, पितात आणि झोपतात. मग त्यांना दगडी पेटीत घालून स्नोडोनियाच्या डोंगरात पुरून टाकतात. दारू पाजून ड्रॅगन पकडणं ही आयडिया मला जाम आवडली.

गेल्या वेळी भोरला गेले ती चूक झाली. कालेय उत्तरेला आणि भोरहून उत्तरेला काय, तर पुण्याचा उजेड! म्हणून यंदा जुन्नरच्या पुढे गेलो, मी आणि पुतण्या. शेजारच्या गावात हळदीचा डीजे, पण आकाश बरं होतं. मध्यरात्रीच्या सुमाराला कालेयातला थुबान तारा बरोब्बर उत्तरेला, साधारण ४५ अंशांवर. इ.स.पू. २७०० च्या आसपास हाच ध्रुवतारा होता, आता सप्तर्षी आणि ध्रुवमत्स्याच्या मधे गपचूप बसलेला असतो, कोणी विचारत नाही बिचाऱ्याला.

कालेयाचं डोकं ईशान्येला वर येत होतं. चार ताऱ्यांचा वाकडा चौकोन, त्यातला सगळ्यात मंद तारा म्हणजे न्यू ड्रॅकोनिस. १०x५० दुर्बीण गाडीच्या टपावर टेकवून धरली तर पुतण्या एकदम ओरडला, "आत्या, दोन आहेत दोन!" खरंच दोन, सारखेच पांढरे, मोटारीच्या हेडलाइटसारखे. आणि त्याच चौकोनातला एल्टॅनिन तारा नारिंगी. वेल्श कथेतल्या दोन ड्रॅगनसारखं लाल आणि पांढरं एकाच डोक्यात, म्हटलं झालं, पुरावा मिळाला!

पण घरी येऊन कथा नीट वाचली आणि गडबड झाली. दोन ड्रॅगनची सगळ्यात जुनी नोंद 'हिस्टोरिया ब्रिटोनम' या ब्रिटन लोकांच्या लॅटिन इतिहासातली, साधारण ८३० ची. ब्रिटन लोकांचा व्होर्टिगर्न राजा किल्ला बांधतोय आणि रचलेलं सामान रात्रीतून गायब. मग एक बिनबापाचा पोरगा सांगतो की खाली तळं आहे, तळ्यात दोन भांडी, त्यात घडी केलेला तंबू आणि तंबूत झोपलेले दोन "वर्मेस". म्हणजे लॅटिनमध्ये चक्क किडे! लाल आणि पांढरा. आधी पांढरा वरचढ, मग लाल त्याला हाकलून देतो, लाल म्हणजे ब्रिटन लोक आणि पांढरा म्हणजे त्यांच्यावर चालून आलेले सॅक्सन. या प्रसंगात एकही तारा नाही हो, सगळं जमिनीखाली. जागा म्हणजे स्नोडोनियातली दिनास एम्रिस टेकडी, बेडगेलर्ट गावाजवळ, १९५० च्या दशकात तिथे खणलं तर टेकडीवर पाण्याचं टाकं खरंच सापडलं.

आकाश येतं ते पुढे, ११३६ च्या सुमाराला, जेफ्री ऑफ मॉनमथने लिहिलेल्या ब्रिटनच्या राजांच्या इतिहासात. राजा ऑरेलियस मरतो तेव्हा एक तारा दिसतो, त्याला एक किरण, किरणाच्या टोकाला ड्रॅगनच्या आकाराचा आगीचा गोळा. जादूगार मर्लिन अर्थ सांगतो की राजा गेला, आता भाऊ उथर. उथर दोन सोन्याचे ड्रॅगन करून घेतो, एक विंचेस्टरच्या चर्चला देतो, एक लढाईत मिरवतो, तोच उथर पेंड्रॅगन. वर्णन सरळसरळ धूमकेतूचं आहे! आमची आजी शेंडेनक्षत्र निघालं की "कुठला तरी राजा जाणार" म्हणायची, तिला हे पान वाचून दाखवलं असतं तर मान डोलावली असती. १४०१ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या वेल्श ओवेन ग्लिंडूरने कार्नार्व्हनला सोनेरी ड्रॅगनचं निशाण उभारलं आणि १४०२ ला खरोखरीचा धूमकेतू आला, तो त्याच्यासाठी शुभशकुन धरला गेला.

वेल्श लोकांनी आकाशात नावं दिलीत ती आपल्या दंतकथांमधल्या घरच्या माणसांची: शर्मिष्ठा म्हणजे डोनचा दरबार, उत्तर मुकुट म्हणजे अरियनऱ्होडचा गड, आकाशगंगा म्हणजे ग्विडियनचा गड. ड्रॅगन कालेयात बसवायचा मोह मला झाला, कारण तिथल्या ५३ अक्षांशावरून तो कधी मावळतच नाही आणि एल्टॅनिन जवळजवळ डोक्यावरून जातो. (लंडनकडे तर अगदी डोक्यावरून, म्हणून खगोलशास्त्रज्ञ ब्रॅडलीने १७२५ पासून उभ्या दुर्बिणीतून तोच बघितला आणि पृथ्वीच्या वेगामुळे तारा किंचित सरकलेला दिसतो हे ओळखलं.) पण मोह म्हणजे पुरावा नव्हे.

न्यू ड्रॅकोनिसचं स्केच झालंय, थोडं तिरकं आलंय कारण कोपर टपावरून घसरत होतं. ढग यायच्या आत उत्तर मुकुट उरकायचाय, ट्रायपॉड कोणाकडे जादाचा असेल तर सांगा.