मला तर कुणी विचारले नाही, मग क्रमांक कसा लागला?

भ्रष्टाचार मोजतात कसा, असं तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोल्हापुरात संख्याशास्त्र शिकवताना भ्रष्टाचाराचा जागतिक निर्देशांक जाहीर झाला, की दरवर्षी एखादा विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन येतो : लाच घेणारा पावती देत नाही, आमच्या घरी कधी कुणी विचारायला आले नाही, मग 2024 सालच्या यादीत 180 देशांत भारत 96वा, हे ठरवले कुणी?

बर्लिनची ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही संस्था 1995 पासून ही यादी काढते. शून्य गुण म्हणजे अत्यंत भ्रष्ट आणि शंभर म्हणजे स्वच्छ. 2024 मध्ये भारताला 38 गुण मिळाले, तर डेन्मार्कला 90. मात्र हे गुण लाचेचे नसतात. सरकारी क्षेत्रातल्या भ्रष्टाचाराविषयी तज्ज्ञांचे आणि उद्योजकांचे जे मत विविध संस्थांनी नोंदवलेले असते, त्याची ही सरासरी असते, म्हणून यादीच्या नावातच ‘समज’ हा शब्द आहे. एक-दोन गुण घसरले म्हणून देश बिघडला असे म्हणणे मला चुकीचे वाटते.

मग प्रत्यक्ष मोजायचे कसे? वडील गेल्यावर वारसनोंदीसाठी मी एका कार्यालयात चार खेपा घातल्या. नोटिशीची मुदत संपली होती, हरकत कुणाची नव्हती, तरी फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला नावाचा बदल, मंजूर होत नव्हता. शेवटी दारातल्या माणसाने ‘चहापाण्याचं बघा’ म्हटले आणि मी पैसे दिले. त्याची खंत आजही आहे. तो व्यवहार कोणत्याही आकड्यात नाही, कारण मी तक्रार केली नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर तर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांत कळवले, तर सुटका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यांची संख्या वाढली, तर लाच वाढली की तक्रार करण्याचे धैर्य वाढले, हे त्या संख्येवरून सांगता येत नाही ते यामुळेच.

लोकांना थेट विचारणे हा त्याहून बरा मार्ग. 2020 च्या अशा एका पाहणीत, सरकारी सेवा घेणाऱ्या भारतीयांपैकी 39 टक्क्यांनी वर्षभरात लाच दिल्याचे सांगितले.

पण मला सर्वांत पटते ते इंडोनेशियातले काम. बेंजामिन ओल्केन या अर्थतज्ज्ञाने तिथल्या 600 हून अधिक गावांतल्या नव्या रस्त्यांचे, आपल्याकडे ज्याला कोअर कटिंग म्हणतात तसे, रस्ता खोलवर कापून, नमुने काढून घेतले, खडी-वाळू किती पडली ते अभियंत्यांकडून मोजवले, स्थानिक दर आणि मजुरी विचारली आणि त्यावरून निघणारा खर्च कागदावरच्या खर्चाशी ताडून पाहिला. गावकऱ्यांना वाढीव दर ओळखता येत होता, वाढीव माप मात्र ओळखता येत नव्हते, आणि चोरी जवळपास सगळी मापातच होती! लेखापरीक्षण होण्याची शक्यता चार टक्क्यांवरून शंभर टक्क्यांवर नेल्यावर गहाळ होणारा खर्च सुमारे आठ टक्के-बिंदूंनी कमी झाला. गावसभांना जास्त माणसे बोलावण्याचा परिणाम एकूणात फारसा झाला नाही.

माझ्या मते पगार आणि संस्कार यांच्याआधी पाहायला हवे, ते सही कुणाच्या हातात अडकली आहे आणि ती तपासायला कुणी नक्की येणार आहे का. डिजिटल सातबारा घरबसल्या मिळू लागला तेव्हा त्या उताऱ्यापुरती सही मागायची गरजच संपली. फेरफार मंजूर करणारा हात मात्र अजून माणसाचाच आहे.

2005 च्या माहिती अधिकार कायद्याने कागदपत्रांच्या प्रती तर मिळतातच, शिवाय कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क मिळतो, हे मी वर्गात आवर्जून सांगतो. गेल्या वर्षी दोन मुलांनी आपल्या गावच्या रस्त्याच्या मोजमाप पुस्तकाची, म्हणजे झालेल्या कामाची मापे जिथे नोंदवतात त्या वहीची, प्रत मागवली आणि सुट्टीत टेप घेऊन चार ठिकाणी रुंदी मोजली. तीन ठिकाणी माप जुळले; चौथ्या ठिकाणी, ओढ्याच्या वळणावर, रस्ता कागदापेक्षा हातभर अरुंद भरला, आणि त्यांनी त्या जागेचा फोटो जोडून पुढचा अर्ज दिला.