आज बॉलिंग लीग! (क्रिकेटची नव्हे, बॉल घरंगळवून दहा पिना पाडायची.)

बाहेर मे महिन्याचं जळगाव, आत एसी आणि तेलाने चकाकणारी ६० फुटी लेन. आज पहिल्यांदाच लीगमध्ये उतरलो. भाड्याच्या बुटांना सगळ्यांनी आधी नाकं मुरडली, मग मुकाट्याने घातले. लीगची खरी गंमत हँडिकॅपची. ज्याची सरासरी कमी, त्याला वरून जादा गुण. त्यामुळे नवखाही मुरलेल्याला घाम फोडू शकतो. (हा नियम मला फारच पटला!) आमच्या टीममधले काका केळीच्या बागेतून थेट आलेले. तीन भोकांत बोटं घालून त्यांनी बॉल अलगद सोडला. तो रमतगमत गेला, नऊ पिना आडव्या, दहावी नुसतीच डुलतेय... आणि पडली! "पडनी रे भो!" अख्खी टीम ओरडली. पुढच्या रविवारी परत आहे, एक जागा रिकामी आहे. कोण येतंय?