तुम्ही विचारलंत म्हणून : बिजलीला मोकळं का सोडत नाही

सकाळी साडेपाचला जुळे सोलापुरात मी आणि आमची कुत्री बिजली रस्त्यावर असतो, आणि आठवड्यातनं एकदा तरी कुणीतरी विचारतंच, अहो वहिनी, तुम्ही कशाला हिच्यामागं पळताय, गेट उघडून सोडा की, येईल आपली आपण फिरून, मुक्या जनावराला कोंडलं की पाप लागतं. मी हसून पुढं जाते कारण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला थांबायची सवय नाही. म्हणून आज बसून लिहिते.

आधी आमचा वाघ्या होता. गावठी, तांबडा, गुणी. त्याला अगदी तुम्ही म्हणता तसंच ठेवलेलं, पहाटे गेट उघडायचं, सातपर्यंत बाहेरचं सगळं उरकून गडी दारात हजर, आणि आम्हाला त्याचं केवढं कौतुक. बाहेर काय उरकायचा ते आम्ही कधी बघितलं नाही, खरं म्हणजे बघायचंच नव्हतं, दुसऱ्याच्या दारातली घाण आपल्याला उचलायला लागत नव्हती ना! एकदा कान फाटून आला. कुणाशी भांडला, ते कुत्रं धड होतं का पिसाळलेलं, काय कळणार. लस चालू होती तरी डॉक्टरांनी परत टोचली आणि नजर ठेवायला सांगितलं. आठवडाभर ठेवली, मग परत गेट उघडं.

मग एका सकाळी गल्लीतले एक काका स्कूटीवरनं दूध घेऊन येत होते आणि वाघ्या भुंकत मागं लागला. चावला नाही बरं का, नुसता मागं लागला, पण काकांनी घाबरून पाय वर घेतले, गाडी घसरली, उजवं मनगट मोडलं. लोक जमले, कुणीतरी विचारलं कुणाचंय हे कुत्रं. मी गेटातच उभी होते, आणि माझ्या तोंडनं निघालं, "आमचं नाही हो, गल्लीतलंय." वाघ्याच्या गळ्यात पट्टा नव्हता. पण तो माझ्याकडंच बघून शेपूट हलवत होता.

संध्याकाळी आम्ही दोघं काकांकडं गेलो, कबूल केलं, प्लास्टरचा खर्च दिला. काका म्हणाले, "मला माहीत होतं की." एवढंच.

तेव्हापासनं मोकळं सोडणं म्हणलं की मला ते माझं वाक्य आठवतं. लाडात असताना कुत्रं आपलं आणि कुणी पडलं की गल्लीचं. आपल्या जनावरापासनं कुणाला इजा होऊ नये म्हणून काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो हे मला नंतर कळलं. आणि समजा चावला असता तर? चावणारं कुत्रं दहा दिवस ठणठणीत राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात, पण त्यासाठी ते कुत्रं कुणाचं हे आधी कुणीतरी सांगायला पाहिजे. आमचं नाही म्हणलं की काकांना सगळी इंजेक्शनं घ्यायलाच लागली असती. (चावलं तर लस लगेच सुरू करायची, दहा दिवसांची वाट बघत बसायचं नाही, आणि जखम आधी साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायची. हळद, चटणी, चुना काही भरायचं नाही.)

बिजली कारवानी, म्हणजे लांब पायांच्या, पळणाऱ्या शिकारी जातीची, मंगळवेढ्याकडच्या एका धनगराच्या वाड्यावरनं आणलेली. तिथं ही जात मोकळीच असते म्हणून पण ऐकवतात लोक. असते की, पण तिथं तिला मेंढरं राखायचं काम असतं आणि समोर माळ असतो, विजापूर रोड नसतो. आमची भिंत चार फूट, ती तिनं पहिल्याच दिवशी उडी मारून दाखवली, मग वर जाळी लावून सहा केली. भिंतीजवळ बांधून ठेवणं तर त्याहून वाईट, साखळीसकट पलीकडं उडी मारली की गळफासच. शिवाय दिवसभर आखूड साखळीला ठेवणं १९६० च्या प्राण्यांच्या कायद्यातच क्रूरता धरलंय, आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवायचं नाही हे पण. म्हणजे पाप लागतं म्हणणाऱ्यांचं अर्धं बरोबरच आहे.

गेटचा मात्र खूप त्रास झाला. सिलेंडरवाला उघडं टाकून गेला, एकदा आमचे हेच टाकून गेले. शेवटी स्प्रिंग बसवली, आपोआप मिटतं, आणि आत अंगणात अजून एक बुटकं दार केलं, पहिलं मिटल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पाहुण्यांना हसू येतं. पट्ट्यावर माझा मोबाईल नंबर आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं त्या रात्री, आणि दिवाळीत, ती आतल्या खोलीत, कारण आवाजाला भ्यालेलं कुत्रं सहा फूट पण बघत नाही.

आणि मग उरतं ते फिरवणं, ते कुठल्या जाळीनं होत नाही. मे महिन्यात इथं पारा बेचाळीसच्या वर जातो, नऊ वाजता डांबराला तळहाताची मागची बाजू लावून बघा, सात सेकंद टिकली नाही तर तिचे पंजे पण टिकणार नाहीत. म्हणून साडेपाच. कंटाळा येतो, लई येतो, थंडीत तर विचारू नका.

ते काका अजून येतात आमच्याकडं चहाला. गेटाशी थांबतात, डाव्या हातानं कडी धरतात आणि हाक मारतात, "बंद आहे का गं?" बंदच असते. तरी मी उठून बघून येते, मगच या म्हणते.