सरांनी दाखविलेला रग्बीचा सामना

स्मरणिकेसाठी मनोगत मागणारे पत्र आले, तेव्हा आपल्या पी.टी.च्या सरांविषयीच लिहायचे, हे मी तत्काळ ठरवून टाकले. इतर गुरुजनांचे ऋण कमी नाही. परंतु त्यांच्याविषयी माझ्याहून हुशार विद्यार्थी लिहितीलच.

१९८७ साली आम्ही नववीत होतो. त्या वर्षी रग्बीची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि न्यूझीलंडने ती जिंकली. वर्तमानपत्रातील ती बातमी वाचून सरांनी डोक्यात घेतले की, कबड्डी खेळणाऱ्या आपल्या मुलांनी हा खेळ एकदा डोळ्यांनी पाहिलाच पाहिजे. दसरा आटोपला होता, सहामाही परीक्षा तोंडावर आली होती आणि ऐन अभ्यासाच्या दिवसांत हे कसले खूळ, म्हणून पालकांनी नाके मुरडली. पण सर बधले नाहीत. लाँचच्या तिकिटाचे पैसे ज्यांना जमले नाहीत, त्यांचे सरांनी पदरचे भरले, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले.

आदल्या संध्याकाळी त्यांनी आम्हांला किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत उभे केले आणि हाती एक असोला नारळ दिला. रग्बीचा चेंडू लांबट असतो, तो हाताने पुढे फेकायचा नाही, धावता धावता बाजूच्या किंवा मागच्या गड्याकडेच द्यायचा, एवढे सांगून त्यांनी शिट्टी फुंकली. तो जड नारळ हातात ठरत नसे, सोडणाने तळवे खरवडून निघत आणि सवयीने कोणी तो पुढे फेकला की सर सगळ्यांना पुन्हा होडीपाशी नेऊन उभे करीत. अंधार पडेपर्यंत हेच चालले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने रेवस, तेथून कोळणींच्या टोपल्यांमध्ये अंग चोरून लाँचने भाऊचा धक्का आणि पुढे डॉकयार्ड रोडहून लोकलने व्ही.टी. असा प्रवास झाला. आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणापाशी सरांनी आम्हांला थांबविले. भारतातला पहिला कसोटी सामना १९३३ साली येथेच झाला आणि लाला अमरनाथांनी ११८ धावा येथेच काढल्या, हे सांगताना त्यांचा आवाज किंचित चढला होता.

सामना महाविद्यालयीन मुलांचा होता. मुंबईत हा खेळ पावसाळ्यात रंगतो, कारण भिजलेल्या जमिनीवर पडले तरी लागत नाही. त्या दिवशीही मैदान ओलसर होते. दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा भिडवून रेटू लागले, तेव्हा त्यांच्या दमाचे फुत्कार कुंपणापर्यंत ऐकू येत होते. कबड्डीत पकडलेला चढाईपटू बाद होतो. येथे पाडलेल्या गड्याला चेंडू सोडावा लागतो आणि खेळ त्याच्या अंगावरून पुढे जातो, हे पाहून आमचा डावा कोपरारक्षक अक्षरशः हरखून गेला. त्या काळी ट्रायला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकविण्याला, चारच गुण मिळत. पाच गुणांचा नियम १९९२ मध्ये आला. सरांचे लक्ष मात्र गुणांकडे नव्हते. एवढे आडदांड गडी, पण पंचांशी कर्णधाराखेरीज कोणी बोलत नाही, हे त्यांनी आम्हांला पुनःपुन्हा दाखविले. "अरे, चेंडू काय बघताय, त्या पंचाकडे बघा!" असे ते ओरडले, तेव्हा शेजारचे प्रेक्षकही वळून पाहू लागले.

सामना संपल्यावर जिंकलेल्या संघाने दोन रांगा करून, त्यांमधून जाणाऱ्या पराभूत खेळाडूंसाठी टाळ्या वाजविल्या. दिवाळीच्या सुटीनंतर आपल्या कबड्डीच्या मैदानावर सरांनी तीच प्रथा सुरू केली. प्रतिस्पर्धी शाळेच्या मुलांना प्रथम ती थट्टाच वाटली आणि त्यावरून एकदा हमरीतुमरीही झाली. सरांनी प्रथा सोडली नाही.

पुढे मी कबड्डीचा पंच झालो, आज जिल्हा पातळीवर काम करतो आणि निर्णयावरून गलका उठला की माझ्याकडे शिट्टीखेरीज जे काही असते, ते सरांचे असते.

मागील वर्षी शाळेत आलो, तेव्हा अर्धे मैदान नव्या इमारतीखाली गेलेले दिसले. इमारतीची गरज मी जाणतो, तरी मन विषण्ण झाले. तिच्यातील सभागृहाला सरांचे नाव द्यावे, असे काही माजी विद्यार्थी सुचवीत आहेत. सर सभागृहात कधी रमले नाहीत. स्नेहसंमेलनातही ते दाराबाहेर उभे असत. त्यांचे नाव द्यायचेच असेल, तर ते उरलेल्या अर्ध्या मैदानाला द्यावे आणि तेथे यापुढे काहीही बांधू नये, अशी माझी संस्थेला नम्र विनंती आहे.