काकडीच्या फोडीवर खिमा

नाम प्रिक ओंग हा थाई पदार्थ बघून आपल्याकडचं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘हा तर खिमाच की!’ दिसतो खरा तसाच. तांबूस रंग, वर तेलाचा तवंग, कोथिंबीर भुरभुरलेली. पण खिमा म्हणून पानात वाढलात की फसलात. उत्तर थायलंडात, चियांग माई आणि चियांग राईकडे, त्याची जागा तोंडीलावण्याची. मधोमध एक वाटी आणि भोवती काकडी, कोबी, चवळीच्या कोवळ्या शेंगा, वाफवलेला भोपळा. चिकट भाताचा बोटांनी छोटा गोळा करायचा, वाटीत बुडवायचा, मागोमाग काकडीची फोड. पोट भरतं ते भाताने आणि भाज्यांनी. पाव किलो डुकराच्या खिम्यात पाच-सहा माणसं जेवून उठतात, आणि भाज्यांच्या नावाने नाक मुरडणारी पोरंही मुकाट्याने कच्चा कोबी खातात. या हिशेबाचं मला भारी कौतुक आहे.

घरी करायचा तर खरं काम वाटणाचं. भिजवलेल्या सुक्या लाल मिरच्या, मीठ, लसूण, छोटे कांदे आणि गवती चहा. आपण त्याची पात चहात उकळतो. त्यांना हवा असतो खालचा पांढरा बुडखा. बाजारातल्या जुडीत नुसती पातच मिळते, म्हणून कुंडीतला ठोंब उपटायचा. तो बारीक चिरून दगडी खलात कुटायचा. मिक्सरला मी हे काम सांगत नाही, त्यातून दोरे तसेच निघतात आणि मग जेवताना दातांत बसतात. मिरची निम्मी तरी ब्याडगी घ्यावी. रंग येतो आणि डोळ्यांतून पाणी येत नाही.

मग येतो वासाचा प्रश्न. पुष्कळ जण वाटणात कोळंबीची आंबवलेली लगदी, म्हणजे ‘कापी’, घालतात. पण चियांग माई डोंगरात, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तिकडची जुनी सोय म्हणजे ‘थुआ नाओ’: सोयाबीन शिजवून आंबवायचं, वाटून पातळ चकत्या थापायच्या, उन्हात वाळवायच्या आणि लागेल तेव्हा निखाऱ्यावर भाजून कुटायच्या. मणिपूरचं हवाइजार, म्हणजे तिकडचं आंबवलेलं सोयाबीन, ज्यांनी खाल्लंय त्यांना हा वास ओळखीचा वाटेल. माझ्याकडे दोन्ही नसलं तर मी भाजलेला जवळा कुटून घालते. चव जवळपास जाते, आंबवल्याचा खोलपणा मात्र येत नाही. आणि थाई म्हटलं की नारळाचं दूध ओतणाऱ्यांनी इथे हात आवरावा. उत्तरेच्या स्वयंपाकात त्याला फारसा मान नाही.

पुढचं सोपं. तेलात लसूण, मग वाटण, वास सुटला की खिमा, मग टोमॅटो. छोटे, आंबट, गावरान टोमॅटो हवेत. जाड सालीचे गुळमट हायब्रीड घातले की सगळा जीवच जातो. थोडं पाणी घालून मंद आचेवर तेल सुटेपर्यंत ठेवायचं. पातळ राहिलं तर काकडीवरून ओघळून कोपरापर्यंत येतं.

गंमत अशी, की या वाटीला नाव आणि रंग देणारे मिरची (‘प्रिक’ म्हणजे मिरचीच) आणि टोमॅटो, दोन्ही मूळचे अमेरिकेचे. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतलं, आणि 1511 मध्ये त्याचाच दूत सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, तेव्हाच्या राजधानीत, अयुथ्थयाला पोचला. मिरची आशियात पसरली ती पोर्तुगीजांच्याच व्यापारातून. तेव्हा ‘अस्सल’ या शब्दावरून कुणी वाद घालायला आलं, तर मी त्यांच्यापुढे आधी काकडी सरकवते.

एक उणीव राहतेच. तिकडे सोबत ‘खाएप मू’ असतं, डुकराच्या कातडीचे तळलेले कुरकुरीत तुकडे. मी तांदळाचे पापड ठेवून पाहिले. ते वाटीत बुडवताच मोडतात, पण पोरं आधी तेच संपवतात.